विरळणी

आमच्या घरात श्रीखंडाचा डबा रिकामा झाला की तो कुणी घ्यायचा यावर वाद होतो. बायकोला त्यात डाळ भरायची असते, मला वांगी लावायची असतात. दाभण गॅसवर तापवून बुडाला पाच-सहा भोकं पाडली की वाद मिटतो, भोकाच्या डब्यात डाळ राहत नाही. स्वयंपाकघरात जळक्या प्लॅस्टिकचा वास तेवढा तासभर राहतो.

यंदा संक्रांत झाल्यावर अशा तीन डब्यांत वांगी, टोमॅटो आणि मिरची घातली. फोनवर आईला म्हटलं, "बी पेरलं." ती म्हणाली, "वांग्याचं बी पेरत नसतात, रोप टाकतात." तिच्याकडे प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे. ज्वारी पेरायची, भेंडी-गवार टोकायची, मेथी फोकायची, दुधीला आळं करायचं, आणि वांगी-मिरची-कांद्याचं रोप टाकायचं. टाकायचं म्हणजे एका कोपऱ्यात दाट वाढवायचं आणि चार-सहा आठवड्यांनी, वीतभर झालं की उपटून मोकळ्या जागी लावायचं. हे बी बारीक, पोरवयात नाजूक. तेवढा काळ सगळी एका जागी असली की पाणी घालायला आणि राखण करायला सोपं जातं.

बारीक बियांचा एक घोटाळा असा, की त्यांच्यावर विश्वास बसत नाही. मिरचीचं बी बघा, सपाट, पिवळट, फोडणीत जळून जाईल असं. यातून झाड येणार? म्हणून मी दोनाच्या जागी दहा टाकतो. प्रत्येक डब्यात 30-40 बिया सहज गेल्या असतील. वर नखाएवढी माती. आईचा हिशोब बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट मातीचा आहे, त्याहून खोल गेलं तर बारीक बियातला शिधा वर यायच्या आतच संपतो.

मग वाट बघणं. टोमॅटो सहाव्या दिवशी आले, वांगी नवव्या. मिरची रुसून बसली. तिला ऊब लागते, आणि जानेवारीतल्या रात्री आमच्या ठाण्यातसुद्धा तिला गार वाटत असाव्यात. डबा सेट-टॉप बॉक्सवर नेऊन ठेवला. बातम्या बघताना सगळ्यांची नजर आधी डब्यावर जायची. अकराव्या दिवशी मला राहवलं नाही. टूथपिकने हळूच माती बाजूला केली, तर बी फुटलेलं होतं. शेवईहून बारीक, पांढरंशुभ्र मूळ खाली वळत होतं. होतं म्हणतो, कारण टूथपिक लागून ते तुटलं. तेराव्या दिवशी उरलेल्या मिरच्या आपापल्या वर आल्या, मान खाली घालून, कमानीसारख्या वाकून. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. ते नखाने काढू नये, पाण्याचा थेंब सोडून भिजू द्यावं. हे मला दोन रोपांची पानं टोपीबरोबर हातात आल्यावर कळलं.

पहिली दोन पानं तिघांचीही साधारण सारखीच दिसतात. ती झाडाची खरी पानं नव्हेतच, बियात घडी घालून ठेवलेली दलं ती. त्यात मी डब्यांवर नावं लिहिली नव्हती, आणि मिरचीचा डबा उगवल्यावर परत बाकीच्या दोघांत नेऊन ठेवला होता. टोमॅटो तेवढा बोटाने चोळला की वासावरून ओळखू येतो. वांगी कुठली आणि मिरच्या कुठल्या ते पुढची पानं येईपर्यंत गुलदस्त्यात राहिलं.

आमची गॅलरी दहा बाय चारची, पूर्वेची, ऊन अकरापर्यंत. रोपं उजेडाकडे माना ताणत लांबुडकी, फिकट झाली. मी उंचीवर खूश होतो. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "हा काय घट बसवलायस का?" खरंच, नवरात्रात देवघराच्या अंधारात घट तसाच उगवतो, पिवळाधमक आणि उंच, आणि दसऱ्याला गावाकडची माणसं तेच कोंब टोपीत खोवतात. देवापुढे जे शोभतं ते गॅलरीत आजारपण असतं. डबे कठड्यावर नेले, रोज सकाळी फिरवून ठेवू लागलो. तर भरपाई म्हणून पाणी जास्त घातलं. दोन दिवसांनी सकाळी पाहतो तो वांग्याची आठ रोपं आडवी. पानं हिरवीगार, फक्त मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन पिचलेला. याला रोपं कोलमडणं म्हणतात. सततच्या ओलीत बुरशी धरते आणि एका रात्रीत काम तमाम करते. तेव्हापासून ताटलीत पाणी ओतून त्यात डबा ठेवतो, माती खालून हवं तेवढं पिते, आणि वरची माती सुकल्याशिवाय परत पाजत नाही.

बियाणं कुठलं, हा मात्र आमच्या घरातला दुखरा विषय. मागच्या वर्षी बाजारच्या टोमॅटोच्या फोडीतल्या बिया लावल्या होत्या. रोपं जोमात, पण फळं एका झाडाला वाटाण्याएवढी, दुसऱ्याला कडक सालीची. संकरित फळातलं बी आईबापांवर जाईल याचा नेम नसतो. आजीच्या परसात काकडीच्या वेलावरची सगळ्यात देखणी काकडी बियाला धरलेली असायची. तिला चिंधी बांधलेली. चिंधीच्या काकडीला हात लावला तर आजी जेवायला वाढायची नाही. बिया राखेत घोळून गाडग्यात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, गावठी बियाणं सांभाळल्याबद्दल, तेव्हा आई टीव्हीसमोर म्हणाली, "हे तर आम्ही सगळ्याच करायचो." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि सगळ्यांनीच सोडलं."

तर यंदाच्या मिरच्या आईने पुडीत बांधून दिलेल्या होत्या, म्हणूनच पुढचा प्रसंग अवघड झाला. कोलमडून, टूथपिक लागून, टोपीसकट पानं गमावून उरलेली रोपं मोजली तर 61 भरली. कुंड्या आठ. आई म्हणाली, "विरळणी कर. ताकदीचं ठेव, बाकी काढ. आणि उपटू नकोस, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीने मातीलगत कापायचं."

कात्री घेऊन बसलो. मुळ्याची विरळणी असती तर गोष्ट वेगळी. तिची लसणाच्या फोडणीवर पहिली भाजी होते. मेथीचीही तीच गत. पण वांगं-टोमॅटो-मिरचीचं कोवळं रोप खायच्या कामाचं नाही. म्हणजे धडधाकट, चार पानांचं पोर कापायचं आणि कचऱ्यात टाकायचं. तेही तेरा दिवस वाट बघून, सेट-टॉप बॉक्सवर ऊब देऊन सांभाळलेलं. ताकदीचं कुठलं हेही ठरेना. जाड देठाचं एक वाकडं होतं, सरळ उभं होतं ते किरकिरं. एक कापलं. बारीकसा कच्चा वास आला. कात्री आत ठेवून दिली.

त्याऐवजी मी ऑफिसातून चहाचे कागदी कप आणले. कपात एकेक रोप बसवून बिल्डिंगभर फिरलो. लोकांनी आधी संशयाने पाहिलं, फुकट काय देतो म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "कुठला रंग येईल?" असं विचारून दोन वांगी ठेवून घेतली. वॉचमनकाकांनी चार टोमॅटो पाण्याच्या टाकीमागे लावले. आता लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मी आधी मिरचीची चौकशी करतो, मग माणसाची. मार्च सरता सरता टाकीमागच्या टोमॅटोला पहिली फुलं आली. माझ्याकडचे अजून पानंच हलवतायत. वॉचमनकाका रोज सकाळी मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने त्यांच्याशी बोलतात.

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून सगळ्या कुंड्या दाखवल्या, विरळणी झाली म्हणून सांगितलं.

"छान," ती म्हणाली. "आता जरा मागे जा. निळ्या कुंडीकडे. अजून मागे. त्या मोठ्या पानाच्या आड काय आहे?"