सिस्को १८४१: ६५५३५ ची भिंत अखेर पडली

झालं एकदाचं! माझ्या सिस्को १८४१ राउटरवर ४१ एमबीची आयओएस इमेज (राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल) टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणी प्रोटोकॉलने पूर्ण उतरली आणि एमडी५, म्हणजे फाइलची तपासणी-बेरीज, तंतोतंत जुळला. या प्रोटोकॉलमध्ये ना पासवर्ड, ना पूर्ण फाइलची पडताळणी. त्यामुळे एमडी५ पाहिल्याशिवाय रीलोड द्यायचा (राउटर पुन्हा सुरू करायचा) नाही, हे माझं ठाम मत.

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं तसं, इमेज उतरवताना ३२ एमबीजवळ राउटरच्या पडद्यावरची उद्गारचिन्हांची रांग (पॅकेटं येताहेत) थांबायची आणि टिंबं (टाइमआउट) सुरू व्हायची. केबल बदल, स्विच बदल असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण दर वेळी अडकण्याची जागा एकच, म्हणजे दोष केबलचा नव्हे. शेवटी वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला. तुम्हीही लावणार असाल तर फिल्टर राउटरच्या आयपीवर ठेवा, पोर्ट ६९ वर नको. ६९ वर फक्त पहिली विनंती येते; सर्व्हर उत्तर देतो तेच नव्या पोर्टवरून आणि पुढची सगळी देवाणघेवाण तिथेच चालते.

टीएफटीपीचा ब्लॉक ५१२ बाइटचा. एक ब्लॉक पाठवायचा, त्याची पोच आली की पुढचा. ५१२ पेक्षा लहान ब्लॉक आला की फाइल संपली. ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे ६५५३५ च्या पुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पण ती ० पासून की १ पासून? १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये, म्हणजे टीएफटीपीच्या मानक दस्तऐवजात, याबद्दल अवाक्षर नाही. नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. कॅप्चरमध्ये राउटरची पोच स्वच्छ दिसते: ०० ०४ एफएफ एफएफ (०४ म्हणजे पोच, एफएफ एफएफ म्हणजे ६५५३५). त्यावर सर्व्हरचा ब्लॉक: ०० ०३ ०० ०१ (०३ म्हणजे डेटा, क्रमांक १). राउटर ० ची वाट पाहतोय, सर्व्हर १ पुढे करतोय. दोघंही आपलं तेच तेच पाठवत राहतात आणि शेवटी टाइमआउट. हे दिसलं तेव्हा जो आनंद झाला, तो इमेज उतरल्यावरही झाला नाही.

विंडोजवरचा तो फुकट सर्व्हर काढून टाकला आणि लिनक्सवर टीएफटीपीडी-एचपीए हा टीएफटीपी सर्व्हर बसवला. त्यात रोलओव्हर (६५५३५ नंतर मोजणी पुन्हा सुरू होणं) मुळातच ० वर असतो. पहिल्याच फटक्यात काम फत्ते. घरच्या लॅबसाठी मी आता हाच सुचवेन.

मग आयओएसमध्ये ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइझ १४६८’ दिलं. १५०० च्या एमटीयूतून (एका पॅकेटच्या कमाल आकारातून) आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे ४ बाइट वजा केले की १४६८ उरतात, म्हणजे पॅकेट फुटत नाही. ८१९२ पर्यंत देता येतं, पण मग फ्रॅगमेंट होतात. मला ते नको. आता सगळी इमेज तीस हजारांच्या आत ब्लॉकांत बसते, रोलओव्हरची वेळच येत नाही. शिवाय वेग डोळ्यांना जाणवेल इतका वाढला.

राउटरचं मेमरी कार्ड काढून रीडरमध्ये घालण्याचा मार्ग होताच. पण टीएफटीपीची खरी गरज पडते ती रॉममॉनमध्ये (आयओएस चालू होत नसेल तेव्हाचं राउटरचं छोटं बूट-सॉफ्टवेअर), आणि तिथे ही ब्लॉकसाइझची कमांड नाही. ९६०० बॉडवर एक्समोडेम (कन्सोल केबलवरून फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) म्हणजे बारा तासांच्या वर. त्यामुळे रोलओव्हर नीट करणारा सर्व्हर हवाच. पुढे टीएफटीपीडीएनएलडी (रॉममॉनमधली टीएफटीपीने इमेज उतरवण्याची कमांड) लॅपटॉपवरून करून बघणार होतो, पण हे लिहिताना सुचलं की ओपनडब्ल्यूआरटीच्या डब्यात (हे लिनक्सवरचं राउटर-सॉफ्टवेअर चालवणारं घरचं राउटर) डीएनएसमास्क आहेच, आणि त्यात टीएफटीपी सर्व्हरही असतो. त्याला पेनड्राइव्ह लावला की लॅपटॉप हवाच कशाला? आधी तो ६५५३५ नंतर कोणता क्रमांक पाठवतो ते तपासतो. कोणी ४० एमबीच्या वरची फाइल त्यावरून राउटरला दिली असेल तर कॅप्चर जरूर टाका.