पाऊण सूत

आमच्या दारात १९४४ ची विलीज जीप उभी असते, नऊ फटींची जाळी, स्टेअरिंग डावीकडे, लष्कराच्या लिलावातून निघून चार-पाच मालक करत करत बाबांपर्यंत आलेली. बघणारा प्रत्येक माणूस आधी ॲव्हरेज विचारतो. पेट्रोलचं काही नाही हो, ही बया टायर खाते. पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने झिजले होते आणि साठच्या जवळ गेली की स्टेअरिंग असं थडथडायचं की मनगटावरचं घड्याळ पार कोपराकडे.

मग कॉम्प्युटरवाल्या अलाइनमेंट सेंटरला नेली. पोराने स्क्रीनवर बराच वेळ शोधलं, एकदा जीपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "काका, हिचा डेटाच नाहीये." डेटा आहे की, अमेरिकन सैन्याच्या जुन्या मॅन्युअलमधे छापलाय, टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच. म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मागून मोजलं त्यापेक्षा पुढून तेवढं कमी हवं. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, सेट करायची सोयच नाही, ॲक्सल अखंड आहे, कॅम्बर बदलला असेल तर काहीतरी वाकलंय समजायचं.

रविवारी घरीच बसलो. आधी जॅक लावून चाकं हलवून बघितली, कारण प्ले, म्हणजे सांध्यात ढिलेपणा, असताना अलाइनमेंट करणं म्हणजे वळवळणाऱ्या पोराचे केस कापणं. प्ले सापडला बेलक्रँकमधे. ह्या जीपला चाकापासून चाकापर्यंत एकच लांब रॉड नसतो, ॲक्सलवर एक कोपऱ्यासारखा तुकडा असतो, स्टेअरिंगची ढकल त्याच्यावर येते आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात, एक आखूड, एक लांब. तो तुकडाच डुलत होता. त्याचं काम करून घेण्यात आणखी दोन रविवार गेले, ते सोडा.

शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंडीमामांकडून लाईनदोरी आणली. बेलक्रँक ॲक्सलला काटकोनात ठेवला, दोरी मागच्या डाव्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढे ताणली आणि डाव्या टाय रॉडने पुढचं चाक त्या दोरीत आणलं. रॉडला एका टोकाला उलटे आटे असतात, क्लॅम्प ढिले करून नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत नाहीतर बाहेर. टो-इन मात्र उजव्या रॉडने.

आता मोजमाप. चाक उचलून फिरवत टायरवर खडू घासला, मग खिळा धरून मधोमध बारीक रेघ मारली. पुढून मोजायचं, जीप अर्धा फेरा ढकलायची, तीच खूण मागे आली की पुन्हा मोजायचं, म्हणजे रिम वाकडी असली तरी फसवत नाही. पहिल्या वेळी आकडे काही केल्या जुळेनात. बाबा म्हणायचे मी टेप सैल धरतो, मी म्हणायचो त्यांनी चष्मा पुसावा. अर्ध्या तासाने लक्षात आलं, टेपच्या टोकाचा हुक मुद्दाम ढिला ठेवलेला असतो, साधारण स्वतःच्या जाडीइतका, एक मिलीमीटरभर. आम्हाला हवं होतं सगळं मिळून एक ते अडीच! मग हुक सोडला आणि टेप दहा सेंटीमीटरपासून धरली.

तेवढ्यात गवंडीमामा दोरी मागायला आले. उकिडवे बसून टायरखाली बघत म्हणाले, "किती ठेवायचंय?" मिलीमीटर सांगून उपयोग नव्हता. इंचाचे आठ सूत, त्यामुळे ३/३२ बरोब्बर पाऊण सूत होतं. तसं सांगितलं.

"पाऊण?" मामा हसले. "एवढं तर आमचं प्लास्टरमधे जातं."

पण गेले नाहीत. टेपचं माझ्याकडचं टोक त्यांनीच धरलं, मी खाली झोपून रॉड फिरवत राहिलो आणि ते वरून बोलत होते, अजून, अजून, बास, जास्त झालं, मागे घे. क्लॅम्प आवळले, पुन्हा मोजलं, अर्ध्या सुताच्या किंचित वर. बाबांनी वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारायची म्हणून टोपी घातली, बघतो तर मामा आधीच शेजारच्या सीटवर, मांडीवर दोरीची गुंडाळी.

साठला स्टेअरिंग गप्प. मी मागे बसून आधी स्पीडोमीटर आणि मग बाबांचं घड्याळ बघत होतो.