तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्यातून लेन्सची किंमत निघते का?

दीड-दोन लाखांची लेन्स किंवा कॅमेरा घेऊन तो भाड्याने दिला, तर घातलेले पैसे परत येतात का, हा प्रश्न मला रत्नागिरीत आणि चिपळूणला भेटणारे तरुण छायाचित्रकार वारंवार विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र किंमत निघते ती बहुधा लेन्सची, बॉडीची (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याची) क्वचितच. आणि लेन्सचीही तेव्हाच, जेव्हा गिऱ्हाइकाला ती हवी असलेल्या दिवसांत तुम्हाला स्वतःला ती नको असते. ही दुसरी अट हिशेबात सहसा धरली जात नाही, आणि कोकणात तर सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

आधी हिशेब पाहू. समजा, लेन्स 1,60,000 रुपयांची आहे आणि दिवसाचे भाडे किमतीच्या शेकडा एक, म्हणजे 1,600 रुपये आहे. शंभर दिवस भाड्याने गेली की पैसे वसूल, असे वरवर वाटते. परंतु साफसफाई, दुरुस्ती आणि विमा यांसाठी भाड्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवला, तर हातात 1,200 रुपये उरतात. उलट, चार वर्षांनी नीट जपलेली लेन्स निम्म्या किमतीला विकली गेली, तर भाड्यातून फक्त 80,000 रुपये निघायला हवेत; त्यासाठी सुमारे 67 दिवस, म्हणजे वर्षाला सतरा दिवस पुरतात. बॉडीचे गणित असे जुळत नाही. नवे मॉडेल बाजारात आले की जुन्याचा भाव उतरतो, शिवाय यांत्रिक शटरला, म्हणजे दर फोटोला उघडझाप करणाऱ्या पडद्याला, आयुष्य असते. कॅननच्या फाइव्ह डी मार्क फोरचे शटर दीड लाख क्लिकसाठी आणि सोनीच्या ए सेव्हन थ्रीचे दोन लाख क्लिकसाठी तपासलेले आहे. लग्नाच्या एका दिवसात तीन-चार हजार क्लिक सहज होतात, आणि परत आलेल्या कॅमेऱ्यावर त्या झिजेची खूण दिसत नाही. हप्त्याने खरेदी केली असेल, तर व्याजही किमतीत मिळवावे लागते.

वर्षाला सतरा दिवस ऐकायला फार थोडे वाटतात. ते मिळतात कधी, हे पाहिले म्हणजे अडचण कळते. आपल्याकडची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि पावसाच्या तोंडाशी संपते; आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतातच. जे मुहूर्त असतात, ते सर्वांचे एकाच तारखेला. त्यामुळे एकाच दिवशी जिल्ह्यातल्या चार स्टुडिओंना 70-200 मिलिमीटरची झूम लेन्स हवी असते, आणि पुढचा आठवडाभर ती कोणालाच नको असते. मागणी कितीही असली, तरी एक लेन्स त्या दिवशी एकाच घरी जाते. तुम्ही स्वतः लग्नांची कामे करत असाल, तर त्याच दिवशी ती तुमच्याही हातात असणार. मग भाड्याला उरतात ते फक्त रिकामे दिवस.

माझे जमले, त्याचे कारण माझे काम निराळे आहे. मी पावसाळ्यात आंबोलीला बेडूक आणि चिमुकले जीव टिपतो, त्यासाठी मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, घेतली. हीच लेन्स लग्नाच्या छायाचित्रकारांना अंगठी, मंगळसूत्र, मेंदीचे बारकावे यांसाठी हवी असते. म्हणजे चातुर्मासात ती माझी आणि उरलेल्या काळात त्यांची. दूरचे जवळ आणणाऱ्या मोठ्या टेलिफोटो लेन्सचे असे होत नाही. हिवाळ्यात खाडीवर पक्षी येतात तेव्हा ती मलाही हवी असते, आणि वेळासला कासवांची पिल्ले पाहायला येणाऱ्या पर्यटकांनाही फेब्रुवारीपासूनच हवी असते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, लेन्स निवडताना तिच्या दर्जाइतकेच तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या वेळापत्रकातले अंतर पाहा. इथे आपली बाजू बळकट आहे, कारण आपण दिले नाही, तर त्याला ती मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरहून आणावी लागते आणि जाण्यायेण्याचे दिवस तेवढे वाढतात.

कोकणातल्या हवेचा खर्च मात्र वेगळा मोजावा लागतो. दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते आणि वेळीच काढली नाही, तर तिच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. ओलसर बॅगेतून परत आलेली लेन्स तशीच ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्यामुळे आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखणारे ड्राय कॅबिनेट हा भाड्याच्या धंद्यातला पहिला खर्च समजावा. गुहागरच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग करून आलेल्या ट्रायपॉडच्या पायांत वाळू आणि खार दोन्ही असतात. गोड्या पाण्याने ओलावलेल्या फडक्याने पुसल्याशिवाय तो आत जाता कामा नये.

कागदपत्रांकडे ओळखीपायी दुर्लक्ष होते, आणि आपल्याकडे ओळख नसलेला गिऱ्हाईक क्वचितच असतो. तरीही सिरियल नंबर, पुढच्या आणि मागच्या काचेचे फोटो, डिपॉझिट आणि ओळखपत्राची प्रत एवढे घ्यावेच. भारतीय करार अधिनियम, 1872 मधील निक्षेपाची, म्हणजे आपली वस्तू परत मिळण्याच्या बोलीने दुसऱ्याच्या ताब्यात देण्याविषयीची, कलमे अशा व्यवहाराला लागू होतात. त्यांतल्या कलम 151 प्रमाणे घेणाऱ्याने वस्तू स्वतःची असल्यासारखी साधारण काळजीने सांभाळायची असते. मात्र कलम 150 तुमच्यावरही जबाबदारी टाकते: भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे नुकसान झाले, तर तो दोष तुम्हाला ठाऊक नव्हता, ही सबब चालत नाही. म्हणून वस्तू परत आली की लगेच आणि पुन्हा देण्यापूर्वी, अशी दोनदा तपासणी मी करतो. विमा घेताना वस्तू भाड्याने दिलेली असताना संरक्षण मिळते का, आणि घेणाऱ्यानेच ती लंपास केली तर काय, हे दोन प्रश्न लेखी विचारा. बहुतेक पॉलिसींमध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असते.

ड्रोनविषयीही विचारणा होते. मी ड्रोन भाड्याने देत नाही. ड्रोन नियम, 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, आणि ड्रोनची नोंदणी माझ्या नावावर असते. दुसऱ्याने तो कोणत्या हद्दीत नेला, हे मला घरबसल्या पाहता येत नाही.

तुम्हाला नेमकी कोणती लेन्स घ्यायची आहे, हे ठरवण्यापूर्वी एक लग्नसराई ती भाड्याने आणून वापरा आणि आसपासच्या स्टुडिओंना विचारून त्यांच्या गरजेच्या तारखा वहीत लिहून ठेवा. तुमच्या स्वतःच्या कामाच्या तारखा वगळून त्या वहीत सतरा तारखा उरल्या, तर लेन्स खुशाल घ्या.