तोबाची राख आणि आपला पावसाळा

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना कापलेल्या डोंगरात काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. ते पाहून परवा माझ्या पुतणीने विचारले, "काका, हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का?" सातारा जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हापासून धरणाखाली लाव्हा खदखदत असल्याची भीती वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच मी मोठा झालो. ही भीती निराधार आहे. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून पसरलेल्या लाव्हारसाचा असून तो उगम केव्हाच निवाला आहे. कोयनेच्या भूकंपाचे कारण अभ्यासक धरणातील पाणीसाठा आणि खडकातील जुन्या भेगा यांत शोधतात.

तरीही महाज्वालामुखीपासून आपल्याला काहीच धोका नाही, असे मला तिला सांगता आले नाही.

एकाच उद्रेकात १,००० घन किलोमीटरपेक्षा अधिक राख आणि खडक बाहेर फेकणाऱ्या ज्वालामुखीला महाज्वालामुखी म्हणतात. त्याला उंच शंकूचा डोंगर असतोच असे नाही. खालचा शिलारस उपसला गेला की वरची जमीन आत कोसळते आणि एक प्रचंड खोलगा तयार होतो. त्याला कॅल्डेरा, म्हणजे कढई, म्हणतात. आपल्या गुऱ्हाळातली काहील डोळ्यांपुढे आणली की त्याचा आकार लक्षात येतो. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तोबाचा असा उद्रेक झाला. त्या खोलग्यात आज जवळजवळ १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे.

तोबाची राख भारतापर्यंत आली होती. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे तिचा जाड थर सापडला असून त्याच्या खाली आणि वरही दगडी हत्यारे मिळाली आहेत, म्हणजे त्या परिसरात माणूस उद्रेकानंतरही राहत होता. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, कुकडीकाठच्या बोरी गावीही ज्वालामुखीची राख आहे. ती तोबाच्या याच उद्रेकाची की त्याहून जुन्या, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती काचेचे आणि खडकाचे बारीक, धारदार कण असते. श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि पावसाने भिजली की तिच्या भाराने छपरे कोसळतात.

माझी खरी चिंता मात्र राखेची नाही, गंधकाची आहे. उद्रेकातून निघालेला सल्फर डायऑक्साइड ढगांच्याही वर पोहोचला की त्याचे सूक्ष्म आम्लकण बनतात आणि ते सूर्यप्रकाश परत फेकतात. फिलिपिन्समधील पिनातुबो १९९१ मध्ये फुटला, तेव्हा पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. आणि तो तर महाज्वालामुखीच्या मानाने फारच लहान उद्रेक होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातलाच तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. भारतातही मोसमी पावसाचे चक्र बिघडले. मोसमी वारे जमीन समुद्रापेक्षा अधिक तापण्यावर अवलंबून असतात, आणि अशा झाकोळात जमीन समुद्राहून लवकर थंडावत असल्यामुळे वाऱ्यांचा जोरच ओसरतो. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना ज्या माण-खटावला चांगल्या सालीही आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते, तिथे सलग दोन-तीन पावसाळे हुकले तर काय होईल, याचे उत्तर आपल्या गावांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील यलोस्टोनची 'वेळ भरली' अशी बातमी मोबाईलवर वरचेवर फिरते. तिथला शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वीचा आहे. त्याआधीचे दोन २१ लाख आणि १३ लाख वर्षांपूर्वीचे. एवढ्या दोन अंतरांवरून वेळापत्रक मांडता येत नाही. तिथल्या शास्त्रज्ञांच्या मते कोणत्याही एका वर्षी असा उद्रेक होण्याची शक्यता लाखांत एकाहूनही कमी आहे. लोकांना घाबरवणारे हे संदेश मला अपायकारक वाटतात, कारण त्यांच्या गदारोळात धान्यसाठ्याचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

पुतणीला मी हेच सांगितले. खटावातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात ज्वारीचे पेव होते. घरची दोन वर्षांची बेगमी त्यात राहत असे, असे आजी सांगायची. ते केव्हाच बुजवले आहे. ते कुठे होते, हे दाखव म्हणून आता पुतणी मागे लागली आहे.