फूटभर तार

सांगलीला गेले होते लग्नाला. कार्यालयात जेवण उत्तम आणि गर्दी असह्य, त्याबद्दल एवढंच. गणपतीचं देऊळ, आयर्विन पूल, मार्केट यार्डातला हळदीचा वास, भडंगाची खरेदी हे सगळं एका दुपारीच उरकलं. लिहायला बसलेय ते विश्रामबागेतल्या आत्याच्या घरच्या संध्याकाळसाठी.

आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका. सोप्यात दहावीच्या मुली चटईवर बसलेल्या आणि तिच्या हातात विजेची लाल तार, दोन्ही टोकांना तांबं उघडं पडलेलं. "नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात उजेड एवढाच पुढं सरकतो, बघा." तार हातोहात फिरली. एकीनं लगेच पट्टी लावली. 30 सेंटिमीटरला किंचित कमी.

ही युक्ती अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांची. जन्म न्यूयॉर्कमधला, 1906 चा. 1934 मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट, वासर कॉलेजात शिकवणं त्याआधीच सुरू झालेलं. महायुद्धात 1943 साली नौदलाच्या राखीव दलात शिरल्या. वजन कमी भरलं म्हणून खास सवलत घ्यावी लागली. तिथून हार्वर्डच्या मार्क वन या सुरुवातीच्या संगणकावर. 1952 मध्ये त्यांनी कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, तयार केला, तेव्हा संगणक फक्त आकडेमोड करतो असंच लोक धरून चालले होते. पुढे त्यांचा आग्रह असा की हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला चिन्हं नकोत, साध्या शब्दांत आज्ञा देता यायला हव्यात. त्यातून फ्लो-मॅटिक ही संगणकाची भाषा आली आणि 1959 मध्ये सुरू झालेल्या कोबोल या भाषेचा पाया बराचसा तिच्यावरच उभा राहिला.

याचा मला राग येतो. कॉलेजात मी कोबोल पाठ करून पेपर दिला, पण तिच्यामागं गणित शिकवणारी एक बाई आहे हे वर्गात कुणी उच्चारलंही नाही. आत्याच्या मुलींना ते पंधराव्या वर्षी कळतंय, याचा मला फार आनंद झाला.

"मायक्रोसेकंदाची तार केवढी गं होईल?" आत्यानं विचारलं.

"हजारपट. 300 मीटर, बाई!"

हॉपर अशी गुंडाळीसुद्धा भाषणाला नेत. उपग्रहामार्फत संदेश जायला इतका वेळ का लागतो, असं नौदलाचे अधिकारी विचारत, तेव्हा वाटेत किती नॅनोसेकंद पडतात ते त्या तारेवरूनच दाखवत. मुलींनी अशा उपग्रहाच्या 36,000 किलोमीटर उंचीचा हिशेब वहीत मांडला. उत्तर आलं 12 कोटी नॅनोसेकंद, तेही फक्त वर जायचे. मग मागं बसलेली एक मुलगी म्हणाली, "म्हणून संगणकाची चिप बारीक करतात होय! तार लांब झाली की वेळ लागणारच की."

आत्यानं तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तेच सगळ्यांना नीट समजावून सांगायला लावलं. माझी रात्रीची गाडी होती, बॅग भरायची राहिली होती. तरी तिचं सांगून होईपर्यंत मी जागची हलले नाही.