वीस मजल्यांचं पाणी आणि दहा वॉटचा दिवा

"एवढं पाणी रोज वरून खाली येतं, त्यावर जिन्यातले दिवे लागायलाच हवेत," असं म्हणून वीस मजली इमारतीच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं होतं. प्लंबिंगच्या कामात असली मागणी क्वचितच येते. त्यांनी मुठीएवढी, बारा व्होल्टची टर्बाईन, म्हणजे वाहत्या पाण्यानं फिरून वीज देणारी चक्री, आणूनही ठेवली होती. जागा ठरलेली, गच्चीवर टाकीच्या तोंडाशी. कारण काय, तर तिथे बसवायला सोपं.

म्हटलं, लावून तर बघू. सकाळच्या वापराची वेळ होती. दिवा मिणमिणला आणि थोड्याच वेळात विसाव्या मजल्यावरचे काका केसांना साबण तसाच ठेवून वर आले. "अहो, हा शॉवर आहे की ठिबक सिंचन?" टाकीतलं पाणी त्यांच्या शॉवरपेक्षा जेमतेम चार मीटर उंच, म्हणजे दाब 0.4 बार. त्यातला निम्मा टर्बाईननं खाल्ला, तर आंघोळीला उरणार काय? टर्बाईन लगेच काढली.

"मग सांडपाण्याच्या पाइपात बसवू." ही सूचना मला सगळेच करतात. पण उभ्या पाइपातून सांडपाणी भरून येत नाही. ते कडेला चिकटून उतरतं आणि मधून हवा खेळते. काही मीटरमध्येच त्याचा वेग ठरून जातो, त्यामुळे वीस मजल्यांचा दाब साठतच नाही. शिवाय केस, चिंध्या अडकून पाइप तुंबला, तर खालच्या घरांत घाण पाणी उलटणार.

खरी जागा पाचव्या मजल्याच्या डक्टमध्ये होती. तिथे पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या वरच्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या तबकडीवर) 4.4 बार, खालच्यावर 2. मधले 2.4 बार व्हॉल्व्ह रात्रंदिवस नुसते वाया घालवत होता. वीज काढायची तर यातूनच, कारण हा दाब कुणालाच नको असतो.

व्यवस्थापकांना गेजसमोर उभं करून हिशेब मांडला. त्या लाइनवरून दिवसाला साधारण 5,000 लिटर पाणी जातं. 2.4 बारचे झाले 333 वॉट-तास. असल्या छोट्या यंत्राची कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर हाती 133. दहा वॉटचा एक दिवा तेरा तास. बॅटरीतली गळती धरली तर त्याहूनही कमी.

"एकच दिवा?" त्यांचा चेहरा पडला. पाणी वर चढवायला पंप याच्या कित्येक पट वीज खातो, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं.

तरी बसवायचं ठरलं. पीआरव्ही मात्र काढू दिला नाही. नळ बंद असताना टर्बाईन दाब अडवत नाही, तो व्हॉल्व्हच अडवतो. म्हणून टर्बाईन त्याच्या आधी, शेजारून बायपास, म्हणजे टर्बाईन टाळून जाणारा पाइप, आणि या सगळ्यांच्या आधी गाळणी. पहिल्यांदा गाळणी उघडली, तर आत वाळू आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे.