धपाट्याचं दुखणं

"बोरं वाळू घातलाव का?" शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं.

पौषातली दुपार. मी मोडक्या स्टुलावर, हातात झाडूची काठी, पुढ्यात निळा प्लास्टिकचा टब आणि कठड्यावर दोन कावळे. एवढं बघून कुणालाही बोरंच वाटणार.

"नाही काकू, कासव आहे."

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग "असू द्या, असू द्या" म्हणून आत गेल्या.

कासवाचं नाव धपाटं. पुतणीनं ठेवलंय. हिरवट, गोल, कडेला थोडं वाकडं. नाव ठेवायला चूक काहीच नाही. मारी बिस्किटाएवढं आहे. डोळ्यांमागं दोन्ही बाजूंना लाल पट्टा, त्यावरून या जातीला इंग्रजीत लाल कानाचं म्हणतात. बाहेर दिसेल असा कान मात्र त्याला नाही. सध्या डोळेही नसल्यात जमा. दोन्ही पापण्या भिजलेल्या मुगासारख्या फुगल्यात आणि मिटल्यात. विटेच्या तुकड्यावर चारी पाय सोडून पडलंय. मधूनच मान लांब करतं, नेमकी उन्हाच्या दिशेला, आणि तशीच ठेवतं. कानानं नाही, डोळ्यानं नाही, मग ऊन कुठंय ते याला कळतं कसं? कातडीनं कळत असणार. आमचे आजोबा ओट्यावर डोळे मिटून बसायचे आणि उन्हाबरोबर इंच इंच सरकायचे, तसं.

उनाचंही त्याचं नाटक आहे. काचेतून आलेलं चालत नाही. पाठीचं कवच घट्ट व्हायला उन्हातला जो किरण लागतो तो काच अडवून धरते. म्हणून खिडकीत ठेवून भागत नाही, गच्चीवर आणायचं. गच्चीवर आणलं की कावळे. अर्ध्या टबावर सावली करायची, नाहीतर एवढंसं पाणी बघता बघता तापतं. म्हणजे माणूस आलाच. घरात निवृत्त झालेला माणूस एकच आहे.

पुतणीनं पुण्याला कॉलेजात जाताना "काका, आठच दिवस सांभाळा" म्हणून दिलं. त्याला आता चार महिने झाले. दुकानदारानं तिला सांगितलं होतं, हे एवढंच राहतं, वाढत नाही. ही जात जेवणाच्या ताटाएवढी होते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. मी माझ्या वयात तीस मिळवून पाहिले आणि बेरीज तिथंच सोडून दिली.

मूळचं ते अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आता बघा. मिसिसिपी! आणि पाहुणं मुक्कामाला आलं कुठं, तर लातूरला. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलात, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ते बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक गाडीचे फोटो काढत होते, एकानं इंजिनाला हार घातला. त्या गावात मी आता एक दिवसाआड टबभर पाणी बदलतो. दुखण्यात स्वच्छ पाणी हेच पहिलं औषध. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जायला ते चोवीस तास उघडं ठेवावं, असंही सांगतात. हे वाचून मी एकटाच हसलो. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतात. आमच्याकडचं पाणी मुरलेलंच असतं.

पाणी ओतून द्यायला माझा हात धजत नाही, ही माझी खोड आहे. पुण्यात एकदा सकाळी फिरताना एका सोसायटीची टाकी वाहताना दिसली, तर मी आत जाऊन वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, "रोजच वाहते." त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही. तेव्हा धपाट्याचं पाणी कढीपत्त्याला जातं. कढीपत्ता झकास आलाय, पण बायको त्याची पानं फोडणीत घालत नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लेकरं कासव तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आमच्या घरात तेवढा कायदा बायकोनं लावलाय. कासवाची बादली वेगळी, पाण्याचा मग वेगळा, आणि मी साबणानं हात धुतले की नाही ते ती वास घेऊन बघते.

दुखणं माझ्यामुळंच आलं, हेही सांगून टाकतो. चार महिने मी त्याला डबीतले सुके झिंगे आणि वर पोळीचे तुकडे घातले. खातंय म्हणून घालत गेलो. त्यानं अ जीवनसत्त्व कमी पडलं आणि डोळे सुजले. डोळे सुजले म्हणून खाणं दिसेना, दिसेना म्हणून खाईना, खाईना म्हणून डोळे आणखी सुजले. हे चक्र आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यात थंडी. याचं रक्त थंड, अंग गार पडलं की खाल्लेलंही पचत नाही. ऊब द्यायला साठचा पिवळा बल्ब हवा होता, दुकानात सगळीकडं एलईडी. त्याच्या उजेडाला ऊबच नसते. शेवटी एका मित्राच्या पोल्ट्रीतून पिल्लांवर लावतात तो बल्ब आणला. लाईट गेली की टबाला गरम पाण्याची पिशवी टेकवून ठेवायची.

जनावरांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. देवणी गोऱ्ह्याचा ओठ वर करून दात बघितले की वय सांगणारा माणूस. धपाट्याला त्यांनी दोन बोटांत धरलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "याला तर दातच नसतात." मग मात्र खरोखर मन लावून कामाला लागले. हैदराबादच्या वर्गमित्राला फोन केला, लिहून घेतलं, आणि मला म्हणाले, "काका, वजन लागतंय. ग्रॅममध्ये. आमचा काटा क्विंटलचा."

ग्रॅमचा काटा सराफाकडं. गेलो. डबीतून कासव काढून मखमलीवर ठेवलं. दुकानात एक लग्नाचा बस्ता चालू होता, त्या बाया मणी-मंगळसूत्र सोडून इकडं बघायला लागल्या. सराफानं तोंडावरची रेषही हलू न देता काट्यावर कागद ठेवला, कागदाचं वजन वजा केलं आणि धपाट्याला वर ठेवलं. "३८ ग्रॅम. पावणेचार तोळ्याच्या वर भरतंय," तो म्हणाला. "घडणावळ नाही घेत."

त्या वजनावर डॉक्टरांनी इन्सुलिनच्या सुईनं जीवनसत्त्वाचा एक थेंब टोचला. थेंबच. हे जास्त झालं तरी वाईट, तेव्हा मनानं काही देऊ नका म्हणाले. डोळ्यांना मलम दिलं. आणि कॅल्शियमला समुद्रफेन, म्हणजे माकूळ नावाच्या समुद्रातल्या जिवाचं पांढरं हाड. ते गंजगोलाईत, आमच्या गोल बाजारपेठेत, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. तिथं मिळणाऱ्या सोळा रस्त्यांतला नेमका रस्ता मी आजही चुकतो. दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "कुणाचा कान वाहायलाय?"

"कान नाहीत त्याला," मी म्हणालो.

त्यानं पैसे मोजून घेतले आणि माझ्याकडं परत बघितलं नाही.

गल्लीतल्या एकानं सल्ला दिला, मांजरा नदीत सोडून द्या, पुण्य लागेल. पुण्य कसलं. ही जात पाण्यात पसरली की तिथल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावते. आपली कासवं घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे आणि हे परदेशी पाण्यात सोडायचं नाही, म्हणजे हे माझ्याच गळ्यात.

आपलं कासव मी हातात धरलंय मात्र. मी चौथीत असेन. औसा तालुक्यातलं आमचं गाव. वैशाखात वाड्यातल्या आडाचा गाळ काढायचे. दोन गडी खाली उतरायचे, वर रहाटावर दोघं, आणि काळा गार गाळ घमेल्यानं वर यायचा. त्यात काय काय निघायचं! तांब्याची लोटी, कुणाची तरी जोडवी, माझा भोवरा. त्या वर्षी खालून हाक आली, "म्हातारं हाय, जपून घ्या!" आम्हाला वाटलं, माणूस. घमेल्यात गाळाचा एक गोळा होता, तो हलला. आडाचं कासव. आजोबांच्या लहानपणापासून आत होतं म्हणायचे, पाणी निवळ ठेवतं म्हणायचे. आजीनं ओलं बारदान टाकून त्याला लिंबाखाली ठेवलं, पाठीवर हळदकुंकू लावलं, महादेवाच्या देवळातल्या दगडी कासवाला लावतात तसं. दोन दिवस मी शेजारून उठलो नाही. त्यानं डोकं बाहेर काढलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं ते माझ्याकडं, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी झरे पाझरून आडात गुडघाभर पाणी आलं आणि ते पोहऱ्यातून परत खाली गेलं. "डुब" असा आवाज झाला. आम्ही सगळे वाकून बघत होतो, अंधाराशिवाय काही दिसलं नाही.

त्या दोन दिवसांत आजीनं सांगितलं होतं, कासवीला पान्हा नसतो, ती पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते. ती ह्या काठाला, पिलं त्या काठाला. ती बघते आणि यांची पोटं भरतात. कीर्तनात हा दाखला हटकून येतो. पुढं कधीतरी कळलं की कासवी वाळूत, मातीत अंडी घालते, उकरलेलं बुजवते आणि निघून जाते. पिलं निघतात तेव्हा ती कुठंच नसते. मला हे कळल्यावर वाईट वाटलं ते कासवीसाठी नाही, आजीसाठी. तिला मी सांगितलंही नाही. सांगून करायचं काय होतं?

पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. "काका, धपाट्याला दाखवा." मी फोन टबावर धरला. ती बोलेना. मला वाटलं रेंज गेली, पण तिचा श्वास ऐकू येत होता. ती नुसती बघत होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हं."

"काय होतं मेसला?"

"काका, हलवू नका ना फोन."

मी हात स्थिर धरला. खांदा भरून आला. किसलेलं गाजर पाण्यात तरंगत होतं, त्याची एक काडी धपाट्याच्या तोंडाजवळून गेली. त्यानं मान वळवली. उजव्या पापणीत सुतभर फट पडल्यासारखं मला दिसलं, आत काहीतरी ओलं, काळं. की पाण्याचा थेंब होता, देव जाणे. "उघडला?" ती ओरडली. मी म्हणालो, "थांब," आणि चष्मा वर करून खाली वाकलो.

तेवढ्यात खालून बायकोची हाक आली, "अहो, नळ आलेत!"

आठ दिवसांनी आले होते आणि अर्धा तास राहणार होते. मी फोन कठड्यावर उभा टेकवला, तोंड टबाकडं करून, आणि पुतणीला म्हणालो, "तू बघत रहा. कावळा आला तर ओरड." काकू परत गच्चीवर आल्या होत्या, त्यांच्या हातात काठी दिली आणि जिना उतरलो. मोटर लावायची होती.